हद्दीचे दगड आणि खोट्या खुणा

ज्या विषयावर आम्ही लिहिणार आहोत तो प्रथमदर्शनी पोरखेळाचा वाटेल, आणि खरोखरच त्याचा उगम एका खेळात आहे. परंतु खेळात माणूस जी लबाडी करतो ती तो व्यवहारातून शिकलेला असतो, आणि व्यवहारातील लबाडीला मोठा जुना इतिहास असतो. ठाकुर्लीसारख्या गावी, जिथे पन्नास वर्षांपूर्वीच्या भातखाचरांचे बांध आज इमारतींच्या पायाखाली गेले आहेत, तिथे खुणेचा खरेखोटेपणा हा विषय कोणालाही परका वाटू नये.

आधी खेळ काय तो सांगितला पाहिजे. २०१२ च्या नोव्हेंबरात नायंटिक या, त्या वेळी गूगलच्या पंखाखाली असलेल्या मंडळीने ‘इंग्रेस’ नावाचा मोबाईलवरील खेळ चाचणीसाठी खुला केला. त्याच पायावर जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ आला. आपल्याकडे तो रीतसर आला त्याच वर्षाच्या डिसेंबरात, रिलायन्स जिओच्या सहकार्याने. पण मुंबईतली तरुण मंडळी जुलैपासूनच आडमार्गाने तो मिळवून रस्तोरस्ती हिंडू लागली होती. या खेळाची गंमत अशी, की तो घरी बसून पुरतेपणी खेळता येत नाही. मोबाईलच्या नकाशावर जे थांबे दिसतात ते प्रत्यक्ष जगातील एखाद्या वस्तूशी जोडलेले असतात: पुतळा, देऊळ, भिंतीवरचे चित्र, स्मारकशिला, बाग. थांब्यापर्यंत पायी गेल्याशिवाय हाती काही लागत नाही. ज्याच्या दारात थांबा त्याची चैन, आणि ज्याच्या घराभोवती मैलभर काहीच नाही त्याने चपला झिजवाव्यात, असा हा मामला आहे.

मग थांबे ठरवले कोणी? आरंभीची यादी इतिहासाच्या स्मारकपाट्यांच्या एका अमेरिकन सूचीतून आणि लोकांनी काढलेल्या छायाचित्रांतून तयार झाली. पुढे खेळाडूंनीच आपल्या परिसरातील वस्तू सुचवाव्यात अशी सोय झाली. सूचना इतक्या आल्या, की २०१५ साली त्या घेणे बंद करावे लागले. नंतर तोडगा निघाला तो असा, की सूचनांचा निवाडाही खेळाडूंनीच मते देऊन करावा. २०१९ पासून या निवाड्याच्या व्यवस्थेला ‘वेफेअरर’ असे नाव आहे. अर्थ साधा, ‘वाटसरू’. नाव मोठे समर्पक आहे. मात्र निवाडा करणारा हा वाटसरू बहुतेक वेळा त्या वाटेवर कधी गेलेलाच नसतो. त्याच्यापुढे दोन छायाचित्रे, चार ओळींचे वर्णन आणि आकाशातून घेतलेला नकाशा एवढेच असते.

सूचना करण्याजोग्या वस्तूंत एक प्रकार पायवाटेच्या खुणेचा आहे. अमेरिकेत आणि युरोपात रानातल्या पायवाटांना नावे असतात, ठराविक अंतरावर खांब रोवलेले असतात, त्यांवर वाटेचे नाव आणि चिन्ह असते. असा नावाचा खांब थांबा म्हणून चालतो, कारण तो लोकांना चालायला लावतो. इथेच लबाडीला फट मिळाली. पुतळा खोटा उभारणे कठीण. देऊळ खोटे बांधणे त्याहून कठीण, निदान एका रात्रीत. पण वाटेच्या खांबाला लागते काय? एक छापील कागद किंवा पत्र्याची पाटी, विजेच्या खांबावर चार मिनिटे टेकवून काढलेले छायाचित्र, आणि मनाने रचलेले वाटेचे नाव. पाटी घरी परत, थांबा अंगणात. काहींनी तेवढीही तसदी घेतली नाही. दुसऱ्या गावच्या खऱ्या पाटीचे छायाचित्र आपल्या पत्त्यावर चढवले, नाहीतर संगणकावर चित्रातच पाटी रंगवली.

आपल्याकडे सह्याद्रीत असे नावाचे खांब फारसे नाहीत. गडवाटांवर खडकावर चुन्याने किंवा रंगाने काढलेले बाण असतात, कुठे दगडावर दगड रचून केलेली उतरंड असते. ठाकुर्लीहून पूर्वेला दिसणाऱ्या मलंगगडाच्या डोंगररांगेत ज्यांनी पायपीट केली आहे त्यांना हे बाण ओळखीचे असतील. आणि चुकीचा बाण म्हणजे काय हेही. आमच्या जुन्या लोकांनी रानात वाट चुकवणाऱ्या शक्तीला ‘चकवा’ म्हटले आणि ती भुताखेतांच्या खाती जमा केली. आताचा चकवा हाडामासाचा आहे आणि छायाचित्र काढतो, एवढाच फरक.

ही लबाडी पचते कशी? निवाडा करणारा दूर असतो म्हणून. भारतात तर रस्त्यावरून पाहिल्यासारखी दृश्ये दाखवणारी गूगलची सोय जुलै २०२२ पर्यंत चालूच झाली नव्हती. तिला सरकारी परवानगी मिळाली नव्हती. तेव्हा ठाकुर्लीच्या गल्लीतली एखादी वस्तू खरी की खोटी हे परमुलखात बसलेल्या माणसाने वरून दिसणाऱ्या आंब्याच्या शेंड्यावरून ठरवायचे. यात नुकसान कोणाचे, असे कोणी विचारील. या खेळात साधारण ७० मीटरांच्या एका चौकोनात एकच थांबा दिसतो. खोटी खूण आधी बसली की त्याच चौकोनातले खरे देऊळ किंवा जुनी विहीर बाहेर राहते. खोट्याने खऱ्याची जागा अडवावी ही तक्रार शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. ‘बांध कोरणे’ हा शब्दप्रयोग त्याच्याच अनुभवातून भाषेत आला आहे.

आता मागे जाऊ. खूण खोटी केली जाईल ही भीती आपल्या धर्मशास्त्रकारांना पुरती ठाऊक होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमावादाचे जे प्रकरण आहे ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावरी असे मोठे वृक्ष लावावेत, तळी, विहिरी, देवळे सीमेच्या सांध्यावर करावीत, हे तर त्यात आहेच. पण उघड खुणांवर माणसे वाद घालतात, म्हणून जमिनीच्या पोटात गुप्त खुणाही पुराव्यात असे तो सांगतो. त्या खुणांची यादी आम्हांला फार आवडते: दगड, हाडे, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, वाळलेले शेण, विटा, कोळसे, खडे, वाळू. जे लवकर कुजत नाही आणि ज्याचा कोणाला मोह पडत नाही असे सर्व. उघडी खूण सोयीसाठी, पुरलेली खूण भांडणासाठी.

त्याहून मार्मिक भाग साक्षीदारांचा आहे. साक्षी गावचे असावेत, त्यांनी डोक्यावर माती घ्यावी, लाल वस्त्रे आणि लाल फुलांच्या माळा घालाव्यात आणि आपल्या पुण्याची शपथ घेऊन सीमा सांगावी. आणि गावचे जुने साक्षीदार मिळालेच नाहीत तर? तर राजाने कोणाला विचारावे? पारधी, पक्षी धरणारे, गुराखी, कोळी, कंदमुळे खणणारे, साप पकडणारे, दाणे वेचणारे आणि इतर रानात हिंडणारे लोक. जन्माच्या उतरंडीविषयी इतका कडक असलेला हा ग्रंथकार जमिनीच्या प्रश्नावर मात्र जो त्या जमिनीवरून चालतो त्याच्याकडे वळतो. त्याला वळावेच लागले. सीमा ज्याच्या तळपायाला ठाऊक, तोच साक्षी.

खुणेचे रक्षण करण्याचा दुसरा उपाय शापाचा. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी स्थानक, म्हणजे आपले ठाणे. अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा, याच घराण्याच्या काळातला. त्यांच्या आणि पुढे यादवांच्या राज्यात दान दिलेल्या जमिनीवर जे दगड उभे केले जात त्यांना आपण गधेगाळ म्हणतो. वर चंद्रसूर्य, म्हणजे दान आचंद्रार्क टिकावे, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री यांचे ते ओंगळ शिल्प. जो हे दान मोडील त्याच्या आईची अशी गत होवो, असा अर्थ. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही शिवी कळावी म्हणून ती कोरलेली. अपराध करणार पुरुष आणि विटंबना त्याच्या आईची, हा त्या काळचा न्याय आम्हांला मुळीच शोभिवंत वाटत नाही. पण ज्याला हद्दीची लालूच सुटली आहे त्याला थोपवण्यासाठी राज्यसत्तेला इतक्या खालच्या पायरीला उतरावे लागले, ही गोष्ट त्या लालचेचे वजन सांगते. या दगडांची पुढची गती तर चमत्कारिक झाली. ठाणे, रायगड या भागांत कित्येक गधेगाळ मूळ जागेवरून उचलले गेले, देवळाच्या आवारात टेकले, शेंदूर माखून देव झाले. दगड खरा, लेख खरा, पण जागा हलली. आणि जागा हलली की हद्दीची खूण मुकी होते. तिला खोटे म्हणता येत नाही आणि तिचे ऐकताही येत नाही.

जमिनीचा दगड हलवणे जिकिरीचे, पण दानाचा कागद किंवा ताम्रपट बनवणे त्या मानाने सोपे. ‘कूटशासन’, म्हणजे बनावट राजपत्र, करणाऱ्याला मनूने थेट देहदंड सांगितला आहे. एवढा दंड सांगावा लागला याचा अर्थ धंदा चालू होता. त्याचा नमुनाही उपलब्ध आहे. सम्राट हर्षवर्धनाचा मधुबन येथे सापडलेला ताम्रपट त्याच्या राज्याच्या २५ व्या वर्षाचा, म्हणजे ६३१ च्या सुमाराचा आहे. श्रावस्तीच्या प्रांतातील सोमकुंडका नावाचे गाव वामरथ्य नावाचा एक ब्राह्मण बनावट शासनाच्या जोरावर उपभोगीत होता. ते शासन राजाने मोडून टाकले आणि गाव दुसऱ्या दोघांना दिले, असे त्या पटातच नोंदलेले आहे. खोट्या कागदाचा निकाल खऱ्या कागदात नोंदला गेला म्हणून तेराचौदा शतकांनंतर तो आपल्याला कळतो. असे किती मोडले गेले नसतील! पुढे कोरीव लेखांचे थोर अभ्यासक फ्लीट यांना बनावट ताम्रपटांची एक लांबलचक यादीच करावी लागली, आणि तीत दक्षिणेचा वाटा लहान नाही.

मराठेशाहीत वतनाच्या आणि शिवेच्या भांडणांचा निवाडा गोतसभेपुढे होई. निकालाचा महजर लिहिला जाई आणि त्यावर पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी अशा ज्याच्या त्याच्या निशाण्या उमटत. या पद्धतीला आजचे विद्वान कधी भाबडी, कधी दिरंगाईची म्हणतात. दिरंगाई होतीच. पण तिच्यातले शहाणपण असे, की जे लोक सही करीत त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच शिवारात जायचे असे. खोट्या साक्षीचा भुर्दंड त्यांना स्वतःला बसणार होता. शिवेच्या वादात महाराचा शब्द विशेष प्रमाण मानला जाई. काही ठिकाणी ओले कातडे डोक्यावर घेऊन तो ज्या रेषेने चालला ती शीव ठरे. ज्याला गावाच्या पाणवठ्यावर जागा नव्हती त्याच्याच पावलांनी गावाची हद्द ठरावी, यातली विसंगती आमच्या पूर्वजांच्या ध्यानात आली नसेल असे नाही. ध्यानात येऊनही त्यांनी तिचे काही केले नाही.

१८१८ नंतर राज्य बदलले आणि साक्षीदार हळूहळू गावाबाहेर गेला. १८३६ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी जमीनमोजणी सुरू केली ती पुढे मुंबई इलाख्याभर झाली. ३३ फुटांची साखळी जमिनीवर पडली. तिचा एक चौरस म्हणजे एक गुंठा, हे आजही घर घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, जरी साखळी कोणी पाहिलेली नसली तरी. बांध, उंचवटे, हद्दीचे दगड यांची नोंद झाली, आणि १८६० च्या दंडसंहितेत सरकारी अधिकाऱ्याने बसवलेली हद्दीची खूण हलवणे किंवा नष्ट करणे हा ४३४ व्या कलमाने गुन्हा ठरला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनच्या अधिकाऱ्यांपुढे सनदा मांडल्या जाऊ लागल्या, तेव्हा खऱ्याबरोबर बनावटही बाहेर आल्या. मोजणीने पुष्कळ भांडणे मिटवली हे कबूल केले पाहिजे. पण आता सीमा गुराख्याच्या तळपायातून निघून कचेरीच्या दप्तरात गेली. त्यानंतर ज्याला लबाडी करायची त्याला रात्री कुदळ घेऊन शेतात जाण्याची गरज उरली नाही. दप्तरापर्यंत हात पोचला म्हणजे पुरे.

खोट्या खुणेचे एक विलक्षण उदाहरण परदेशातले आहे, तेही इथे सांगून टाकतो. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत नकाशे छापणाऱ्या जनरल ड्राफ्टिंग या कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात एका आडरस्त्याच्या तिठ्यावर ‘ॲग्लो’ नावाचे गाव दाखवले. असे गाव नव्हतेच. कंपनीचे मालक आणि त्यांचे सहायक यांच्या नावांची आद्याक्षरे उलटसुलट करून ते नाव केले होते. हेतू असा, की दुसऱ्या कोणी नकाशा चोरला तर हे खोटे गावही सोबत जाईल आणि चोर सापडेल. काही वर्षांनी रँड मॅकनॅली या बड्या कंपनीच्या नकाशात ॲग्लो झळकले. चोर सापडला असे वाटले. पण त्या कंपनीने उत्तर दिले, की गाव खरेच आहे. कारण मधल्या काळात त्या तिठ्यावर कोणी एक दुकान काढले होते, आणि नकाशात पाहून त्याला ‘ॲग्लो जनरल स्टोअर’ असे नाव दिले होते. पुढे दुकान बंद पडले. नकाशावरचे नाव मात्र त्यानंतरही बरीच वर्षे टिकले.

हे अमेरिकेतले नवल आपल्या दाराशीही घडले आहे, आणि त्यात गंमत काही नाही. महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणारे प्राधिकरण, १ मे २०१७ पासून काम करू लागले. ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणूनच ते स्थापन झाले. प्रकल्पाला क्रमांक मिळाला, तो संकेतस्थळावर दिसला, की सामान्य माणूस निर्धास्त होई. आणि त्याने तसे व्हावे अशीच कायद्याची इच्छा होती. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत काही बिल्डरांनी पालिकेच्या बांधकाम परवानग्यांचे बनावट कागद तयार केले, ते महारेराकडे सादर केले आणि क्रमांक मिळवले. २०२२ साली हा प्रकार उघडकीस आला, गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमले गेले. अशा इमारती निघाल्या ६५. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला.

यात चोरीची रीत तीच आहे, जी विजेच्या खांबावर कागद टेकवणाऱ्या पोराने वापरली. महारेराची कचेरी मुंबईत, परवानगी देणारी पालिका कल्याणात. दोघांमध्ये लोकलचा तासाभराचा प्रवास. कागदावर पालिकेचे नाव होते, शिक्का होता, जावक क्रमांक होता. फक्त पालिकेला कोणी विचारले नव्हते. मनूच्या यादीतला दाणे वेचणाराही ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकला असता, तो प्रश्न या संगणकयुगात विचारायचा राहून गेला. आम्ही हे हेटाळणीने म्हणत नाही. दूरची कचेरी कागदावर विश्वास ठेवते तेव्हाच तिचे काम चालते. रोज येणाऱ्या शेकडो अर्जांपैकी प्रत्येकाच्या मागे माणूस पाठवणे शक्य नसते. पण मग कागद पाठवणारा आणि कागद देणारा हे एक नाहीत, हे तरी पाहायला हवे होते. हे प्रकरण निघाल्यानंतर बांधकामाच्या परवानगीची खातरजमा थेट पालिकांकडून करून घेण्याची व्यवस्था महारेराने केली. साक्षीदार पुन्हा गावात शोधला गेला, असे म्हणायला हरकत नाही.

खेळाचे लोकही फिरून त्याच ठिकाणी आले आहेत. खोटी खूण सादर करणाऱ्याचा सूचना करण्याचा अधिकार काढून घेतला जातो, तक्रार खरी ठरली तर थांबा नकाशावरून उडवला जातो. आणि तक्रार करणारा बहुधा कोण असतो? त्या रस्त्याने रोज कामाला जाणारा, दुसराच एखादा खेळाडू, जो म्हणतो की इथे असा खांब मी कधी पाहिला नाही. ठाकुर्लीत खऱ्या खुणांची वाण नाही. रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी १९२९ च्या सुमारास उभे राहिलेले आणि पुढे बंद पडलेले चोळा वीजघर हे एकच उदाहरण पुरे. लोहमार्गाच्या कडेला विजेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटरचा आकडा आणि खांबाचा अनुक्रम रंगवलेला असतो. त्या आकड्यांत कोणी लबाडी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो आकडा खोटा लिहून कोणाची जमीन वाढत नाही, आणि रूळ तपासणारा माणूस रोज तिथून चालत जातो.

खेळातला खोटा थांबा पुसला की तिथे काही उरत नाही, कारण मुळात काही नव्हतेच. ६५ इमारतींचे तसे नाही. ॲग्लोच्या तिठ्यावर खोट्या नावाखाली खरे दुकान उभे राहिले, तशी खोट्या परवानगीखाली इथे खरी घरे उभी राहिली. लोकांनी बँकांचे कर्ज काढून ती घेतली, त्या पत्त्यावर मुलांची नावे शाळेत घातली, गॅसची जोडणी आणि मतदारयादी त्या पत्त्यावर आली. न्यायालयाच्या आदेशानंतर रहिवासी आंदोलन करीत रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्या हातात त्याच फायली होत्या: महारेराचा क्रमांक, नोंदणीचा दस्त, कर्जाचे हप्ते भरल्याच्या पावत्या. त्या फायलींतला त्यांनी स्वतः मिळवलेला प्रत्येक कागद खरा होता.